‘छातीत पाणी’ म्हणजे नेमकं कुठे? अण्णांच्या डिस्चार्ज कार्डाविषयी

कांजूरमार्गहून एका मुलाने विचारलं आहे:

“आमचे अण्णा ७१ वर्षांचे. लालबागच्या गिरणीत कार्डिंग खात्यात होते, संपानंतर वॉचमनची नोकरी केली. डायबेटिस आहे, बिडी दहा वर्षांपूर्वी सोडली. रात्री झोपेतून धापा टाकत उठले म्हणून अ‍ॅडमिट केलं, सहा दिवस ठेवलं. एक डॉक्टर म्हणाले, छातीत पाणी झालंय. दुसरे म्हणाले, पंपिंग ३५ टक्के. तिसरे म्हणाले, दमा जुना आहे. कार्डावर कार्डिओमेगाली, बायलॅटरल प्ल्युरल इफ्यूजन, सीओपीडी, आरबीबीबी, माइल्ड एमआर, ओल्ड हील्ड कॉक्स असं बरंच लिहिलंय. म्हणजे हृदय ६५ टक्के बंद पडलं का? ब्लॉक आहे तर अँजिओप्लास्टी का केली नाही? कॉक्स म्हणजे टीबी असं शेजारच्यांनी सांगितल्यापासून आईने अण्णांचं ताट-पेला वेगळं काढलंय. आजार आहे तरी कशाचा, हृदयाचा की फुप्फुसाचा?”

सगळ्यात आधी ताट-पेला परत सगळ्यांच्या भांड्यांत ठेवा. बाकीचं नंतर वाचलंत तरी चालेल.

‘कॉक्स’ हे रॉबर्ट कॉख या जर्मन डॉक्टरांचं नाव. क्षयाचा जंतू सापडल्याचं त्यांनी २४ मार्च १८८२ रोजी बर्लिनमध्ये जाहीर केलं. आपल्याकडचे डॉक्टर वॉर्डात टीबीला टीबी न म्हणता त्यांच्या नावाने ओळखतात, कारण खाटेवरच्या माणसाला आणि शेजारच्या खाटेवरच्यांना ते कळू नये. स्ट्रेप्टोमायसिन १९४३ साली सापडलं. त्याआधी क्षयावर मारा करणारं औषधच नव्हतं आणि रोगाचं नाव ऐकूनच माणूस खचायचा. लालबाग-परळच्या चाळींत जुनी माणसं ‘शिवडीला नेलं’ (तिथल्या क्षयाच्या इस्पितळात) एवढंच हळू आवाजात म्हणायची, पुढचं ज्याचं त्याने समजून घ्यायचं. तेव्हा हे झाकणारं नाव दयेपोटी आलं असेल. आता मला ते अपायकारकच वाटतं, कारण तुमच्या आईपर्यंत ‘कॉक्स’ पोचलं आणि त्याच्या आधीचे दोन शब्द गळून गेले. ‘ओल्ड हील्ड’ म्हणजे जुनं आणि भरून आलेलं. कधीतरी, कदाचित गिरणीत असतानाच, जंतूने फुप्फुसात घर केलं, शरीराने ते बुजवलं आणि तिथे व्रण उरला. एक्स-रेवर तो पांढुरका दिसतो. गुडघ्यावरचा लहानपणचा व्रण कुणाला लागत नाही, तसा हाही लागत नाही. शिवाय चालू टीबीसुद्धा खोकल्यावाटे हवेतून पसरतो, ताटवाटीतून नाही. संध्याकाळचा बारीक ताप, उतरत जाणारं वजन किंवा दोन आठवड्यांच्या वर टिकलेला खोकला असं काही असेल तर बेडका तपासून घ्या, महापालिकेच्या दवाखान्यात ही तपासणी मोफत होते. पण नुसत्या कार्डावरच्या या ओळीवरून घरात कुणी घाबरायचं कारण नाही.

आता पाणी. इथे जरा जास्त वेळ थांबतो, कारण तीस वर्षांच्या प्रॅक्टिसमध्ये सगळ्यात जास्त गोंधळ मी या एका शब्दाचा पाहिला आहे.

आपल्याकडे गळ्याखाली आणि पोटाच्या वर जे काही आहे ते सगळं ‘छाती’. बरगड्यांचा पिंजरा, त्यातली दोन फुप्फुसं, मधलं हृदय, मागून जाणारी अन्ननलिका, वरचे स्नायू, सगळं एकाच शब्दात. पेशंट म्हणतो ‘छातीत दुखतंय’ आणि आम्हाला या पाच-सहा जागांतून एक शोधायची असते. बोट ठेवून दाखवता येते ती दुखरी जागा बहुधा स्नायूची किंवा बरगडीची. अख्खा तळवा किंवा मूठ छातीच्या मध्यावर ठेवून ‘इथं आवळल्यासारखं होतंय’ म्हणणारा माणूस मला पहिल्यांदा ईसीजीच्या टेबलावर हवा असतो. अँजायना या लॅटिन शब्दाच्या मुळाशी गळा आवळला जाणं, घुसमटणं हाच अर्थ आहे. विल्यम हेबरडेन या इंग्रज वैद्याने १७६८ साली या दुखण्याचं वर्णन वाचून दाखवलं तेव्हा त्याने हाच शब्द वापरला. गिरणगावातल्या आज्या ‘उरावर कुणी बसल्यागत वाटतंय’ म्हणतात, ते वर्णन तितकंच नेमकं आहे.

‘छातीत पाणी झालंय’ या वाक्यातलं पाणी तीन वेगवेगळ्या ठिकाणी असू शकतं. बादलीत स्पंज ठेवला आहे अशी कल्पना करा. स्पंज म्हणजे फुप्फुस. पाणी स्पंजाच्या बाहेर, बादली आणि स्पंज यांच्या फटीत असेल तर त्याला प्ल्युरल इफ्यूजन म्हणतात. फुप्फुसाला दुपदरी पातळ आवरण असतं, त्याचं नाव प्ल्यूरा. ग्रीकमध्ये या शब्दाचा अर्थ कूस, बरगडीची बाजू. दोन पदरांच्या मध्ये निरोगी माणसातही दोन-चार चमचे ओल असते, श्वास घेताना पदर एकमेकांवर घासू नयेत म्हणून. ती वाढून साठली की इफ्यूजन. पाणी स्पंजाच्या आत, म्हणजे ज्या बारीक वायुकोशांत हवा असायला हवी तिथेच पाझरलं, तर तो पल्मनरी एडिमा. एडिमा म्हणजे सूज, पायाची असो की फुप्फुसाची, शब्द एकच. तिसरी जागा हृदयाभोवतीची पिशवी, पेरिकार्डियम. तिथलं पाणी तो पेरिकार्डियल इफ्यूजन.

नावं सोडा, हा फरक उपचाराला भिडतो. बादलीतलं पाणी सुई घालून काढता येतं. स्पंजातलं पाणी सुईने निघत नाही, ते लघवीवाटे उतरवावं लागतं, त्यासाठीच अण्णांना लघवी वाढवणारी इंजेक्शनं दिली असणार. ‘पाणी झालंय म्हणता आणि काढत नाही’ असं डॉक्टरांशी भांडण झालेलं मी अनेकदा पाहिलंय. नातेवाइकाचं म्हणणं त्याच्या जागी बरोबर होतं, डॉक्टरांचंही. फक्त कुठलं पाणी, हे कुणीच बोललं नव्हतं.

आणि पाणी कशामुळे, हा त्याच्या पुढचा प्रश्न. विशीतल्या मुलाला ताप येतोय, एकाच बाजूला पाणी आहे, तर आपल्या शहरात पहिला संशय टीबीचा. ते पाणी काढून तपासायचंच. दोन्ही बाजूंना पाणी, उजवीकडे जरा जास्त, पायांवर सूज, रात्री झोपेतून धाप लागून उठणं, असं सगळं एकत्र असेल तर ते बहुधा हृदयाकडून आलेलं पाणी. अण्णांच्या कार्डावर ‘बायलॅटरल’ लिहिलंय, म्हणजे दोन्ही बाजूंना. तुम्ही सांगितलेलं रात्रीचं वर्णनही त्याच्याशी जुळतं.

हृदय बिघडल्यावर पाणी फुप्फुसात का जातं? पावसाळ्यातलं दादरजवळचं हिंदमाता आठवा, तो सखल भाग आहे. मोठी भरती आणि जोराचा पाऊस एका वेळी आला की पाण्याला समुद्रात जायला वाट राहत नाही आणि मागे, सखल भागात, पाणी चढत जातं. हिंदमाताच्या दुकानदारांची काहीच चूक नसते, अडचण पुढे असते. तसंच हृदयाच्या डाव्या बाजूचं. फुप्फुसातून शुद्ध होऊन आलेलं रक्त डाव्या अलिंदात येतं, तिथून निलयात, निलयातून महारोहिणीत आणि मग शरीरभर. (शाळेत कुणी अलिंद-निलय शिकलं, कुणी कर्णिका-जवनिका, वरचा कप्पा आणि खालचा कप्पा, एवढं ध्यानात ठेवलं तरी भागतं.) खालच्या डाव्या कप्प्याला रक्त जोराने पुढे ढकलता आलं नाही की ते मागे तुंबतं, फुप्फुसातल्या केशवाहिन्यांतला दाब वाढतो आणि पाणी पाझरायला लागतं. या आजाराच्या इंग्रजी नावात ‘कंजेस्टिव्ह’ असतं, त्या शब्दाचा अर्थ तोच, तुंबलेलं. आडवं झोपलं की पायांत उतरलेलं पाणी परत रक्तात येतं, आधीच तुंबलेल्या ठिकाणी आणखी भर पडते, म्हणून रात्री एक-दोन तास झोपल्यावर माणूस दचकून उठतो, खिडकीशी जाऊन उभा राहतो. कार्डावर कुठे ‘पीएनडी’ दिसलं तर ते हेच. ऑर्थोप्निया हा त्याचाच भाऊ: आडवं पडलं की श्वास लागणं, उशा वाढवत जाणं. त्यामुळे ‘किती उशा घेता?’ हा माझा ठरलेला प्रश्न आहे. अण्णा एका उशीवर झोपत होते आणि आता तीन लागतात, असं असेल तर डॉक्टरांना जरूर सांगा.

तर मग ३५ टक्के. हृदय ६५ टक्के बंद पडलेलं नाही.

हा आकडा इजेक्शन फ्रॅक्शनचा, कार्डावर ईएफ किंवा एलव्हीईएफ. ठोका पडण्याच्या क्षणी डाव्या निलयात जेवढं रक्त असतं त्यातला किती भाग बाहेर फेकला जातो, ते प्रमाण. निरोगी हृदयसुद्धा सगळं रक्त कधीच बाहेर टाकत नाही. साधारण ५५ ते ७० टक्के टाकतं, उरलेलं आत राहतं. त्यामुळे ३५ची तुलना १००शी न करता ६०शी करा. दुसरी गोष्ट सहसा कुणी सांगत नाही. निरोगी निलयात ठोक्याआधी समजा ११० मिलीलिटर रक्त आहे, त्याचे ६० टक्के म्हणजे ६६. थकलेला निलय हळूहळू ताणून मोठा होतो, त्यात समजा १८० मावतात, त्याचे ३५ टक्के म्हणजे ६३. बाहेर पडणारं रक्त जवळजवळ तेवढंच. म्हणूनच ३५ टक्के असलेला माणूस समोर बसून चहा पितो, बोलतो. हृदय मोठं होतं ते वेळ निभावून नेण्यासाठी. त्याची किंमत म्हणजे मागे वाढलेला दाब, ताणलेली भिंत, आणि जिना चढताना किंवा ताप आल्यावर जेव्हा जास्त रक्त लागतं तेव्हा हाताशी काही शिल्लक नसणं. आजार गंभीर आहे, हे मी लपवत नाही. पण हा आकडा कोरीव नाही. औषधं नियमित घेतल्यावर सहा महिन्यांनी ३५चे ४५ झालेले पेशंट माझ्याकडे आहेत. हा आकडा टू-डी इकोत, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीत, मोजतात; दोन इकोंमध्ये पाचेक टक्क्यांचा फरक तर तपासणाऱ्याच्या नजरेनेही पडतो, तेवढ्याने हुरळू नका आणि खचूही नका.

कार्डिओमेगाली म्हणजे मोठं झालेलं हृदय, ग्रीक कार्डिया आणि मेगास. एक्स-रेवर हृदयाची रुंदी छातीच्या आतल्या रुंदीच्या निम्म्याहून जास्त दिसली की हा शब्द लिहिला जातो. इथे एक विचारून घ्या: एक्स-रे उभं राहून काढला होता की खाटेवर? सिरियस पेशंटचा एक्स-रे मशीन खाटेशी आणून समोरून काढतात, त्यात हृदय फिल्मपासून लांब पडतं आणि आहे त्याहून मोठं दिसतं. दिव्यासमोर हात धरला की भिंतीवर सावली वाढते, तसंच. अण्णांच्या बाबतीत इकोनेही कप्पा मोठा दाखवला असेल तर प्रश्न मिटला.

आता एका शब्दाबद्दल, जो तुमच्या कार्डावर कदाचित ‘सीसीएफ’ किंवा ‘एचएफ’ अशा अक्षरांत लपला असेल: हार्ट फेल्युअर. मी नुकताच एमडी झालो होतो, एका मोठ्या इस्पितळात नोकरीला होतो. चिपळूणकडच्या एका बाईंच्या सुनेला मी वॉर्डाच्या दारात उभ्या उभ्या सांगितलं, “आईंना हार्ट फेल्युअर आहे.” आणि पुढच्या खाटेकडे गेलो. तासाभराने पाहिलं तर सून जमिनीवर बसून रडत होती आणि गावाहून माणसं निघालीसुद्धा होती. मराठीत ‘हार्ट फेल झालं’ म्हणजे माणूस गेला. पिढ्यानपिढ्या हाच अर्थ आहे. बाई आत पेज पीत होत्या. ती सर्वस्वी माझी चूक होती आणि अजून मला ती बोचते. त्या दिवसापासून मी ‘हृदय थकलंय’ म्हणतो. वर्तमानपत्रांतला ‘हृदय निकामी होणे’ हा प्रयोग मला पटत नाही. निकामी म्हणजे टाकून द्यायच्या लायकीचं, आणि हे हृदय तर दिवसाला लाखभर ठोके देत असतं.

यासोबत आणखी दोन शब्दांची गल्लत होते. हार्ट अटॅक म्हणजे हृदयाच्या स्नायूला रक्त पुरवणारी रोहिणी अचानक बंद होऊन त्या भागाचा स्नायू मरणं. कार्डियाक अरेस्ट म्हणजे ठोका थांबणं, माणूस तत्क्षणी बेशुद्ध. अटॅकमुळे अरेस्ट येऊ शकतो, पण अटॅक आलेली पुष्कळ माणसं स्वतःच्या पायांनी दवाखान्यात येतात. आणि मृत्यूच्या दाखल्यावर ‘कार्डिओरेस्पिरेटरी अरेस्ट’ वाचून “पण त्यांना तर हृदयाचा त्रासच नव्हता” म्हणणाऱ्या कुटुंबांना मला सांगावं लागतं की हृदय आणि श्वास थांबणं हे प्रत्येक मृत्यूत होतं. तो शेवट झाला. कारण त्याच्या खालच्या ओळीत शोधायचं असतं.

अण्णांना अटॅक येऊन गेला का? कार्डावर ‘आयएचडी’ आणि ‘आरडब्ल्यूएमए’ अशी अक्षरं आहेत का पाहा. पहिल्याचा अर्थ हृदयाच्या स्नायूला रक्त कमी पडल्याचा आजार. दुसऱ्याचा अर्थ, इकोत हृदयाच्या भिंतीचा एखादा भाग इतरांइतका हलत नाही. तसं असेल तर कधीतरी एक अटॅक गुपचूप येऊन गेला असण्याचा संभव मोठा. वर्षानुवर्षं डायबेटिस असलेल्यांच्या नसा बोथट होतात, छातीतली कळ जाणवतच नाही. घाम फुटतो, मळमळतं, थकवा येतो, आणि घरात सगळे मिळून ठरवतात की गॅस झालाय. सोडा प्यायला देतात, ओवा देतात. किती अटॅक अशा ‘गॅस’च्या नावाखाली घरात काढले जातात, याची मला फार खंत वाटते. डायबेटिस असलेल्या किंवा पन्नाशीच्या पुढच्या माणसाला पहिल्यांदाच असा गॅस झाला, सोबत घाम आहे, तर आधी १०८ला फोन आणि ईसीजी. ओवा नंतर.

ब्लॉक. या शब्दाने लोकांची झोप उडते, कारण तो तीन गोष्टींसाठी वापरला जातो. एक, रोहिणीत चरबी साचून वाट अरुंद होणं, ज्याला सगळे ‘ब्लॉकेज’ म्हणतात. कोरोनरी हे त्या रोहिण्यांचं नाव मुकुटावरून पडलंय, कारण त्या हृदयाला वरून वेढतात. ही वाट अँजिओप्लास्टीने फुगा फुगवून आणि जाळी बसवून मोकळी करतात. दोन, हार्ट ब्लॉक: हृदयात ठोक्याचा विद्युत संदेश वरच्या कप्प्यातून खालच्या कप्प्यात पोचायला उशीर होतो किंवा तो पोचतच नाही. हे वायरिंगचं काम, नळाचं नाही. तिथे गरज पडली तर पेसमेकर लागतो, अँजिओप्लास्टीचा प्रश्न येत नाही. तीन, बंडल ब्रँच ब्लॉक: खालच्या कप्प्यातल्या वायरीच्या दोन फांद्यांपैकी एकीतून संदेश हळू जातो. अण्णांचं आरबीबीबी हे उजव्या फांदीचं. कित्येक ठणठणीत माणसांच्या ईसीजीत ते आयुष्यभर असतं, जुन्या फुप्फुसविकारातही दिसतं. म्हणजे ज्या शब्दामुळे तुम्हाला वाटलं की डॉक्टरांनी काही लपवलं, त्याचा अँजिओप्लास्टीशी संबंध नाही. पण ईएफ ३५ कशामुळे झालं, रोहिण्या तपासायला अँजिओग्राफी करायची का, आत्ता का नाही, हे तुम्ही विचारलंच पाहिजे. किडनी आणि साखर पाहून ती थोडी पुढे ढकलली असेल. विचारल्याशिवाय कळणार नाही.

फुप्फुसाकडे वळतो. ‘दमा’ म्हणजे डॉक्टरांच्या भाषेत अ‍ॅस्थमा, मूळ ग्रीक अर्थ धापा टाकणं. हा सहसा लवकरच्या वयात सुरू होतो, येतो-जातो, मधल्या काळात माणूस अगदी बरा असतो. चाळिशी-पन्नाशीनंतर हळूहळू वाढत गेलेला, रोजचा, जिना चढताना आधी तिसऱ्या मजल्यावर, मग दुसऱ्यावर, मग पहिल्यावरच लागणारा दम हा बहुतेकदा सीओपीडी. श्वासनलिका कायमच्या अरुंद झालेल्या असतात. लोक दोन्हींना ‘दमा’ म्हणतात, डॉक्टरही वेळ वाचवायला तेच म्हणतात, आणि मग नातू विचारतो, मला पण होणार का? नळीत जोराने फुंकायची स्पायरोमेट्री केली की दोघांतला फरक बराचसा कळतो. पण अंगात पाणी असताना ती करू नये, आकडे फसवे येतात. अण्णांची तब्येत स्थिरावल्यावर, महिना-दीड महिन्याने करा.

आणि त्या डॉक्टरांना अण्णा कार्डिंग खात्यात होते हे सांगा, कारण डिस्चार्ज कार्डावर फक्त ‘वॉचमन’ लिहिलं असणार. कापूस पिंजताना आणि विंचरताना जी धूळ उडायची ती वर्षानुवर्षं श्वासात गेली की होणाऱ्या आजाराला बिसिनोसिस म्हणतात. बिसॉस म्हणजे तलम कापड. त्याची खूण अशी की रविवारच्या सुट्टीनंतर सोमवारी पाळीवर गेलं की छाती आवळायची आणि आठवडा सरताना त्रास कमी व्हायचा. अण्णांना एकदा निवांत बसवून विचारा, “सोमवारी जास्त व्हायचं का?” मी हा प्रश्न विचारल्यावर डोळ्यांत एकदम ओळख उमटलेली माणसं पाहिली आहेत. १८ जानेवारी १९८२ला संप सुरू झाला, पुढे गिरण्या गेल्या, खाती गेली, तिथे आता टॉवर उभे आहेत. धूळ मात्र त्या माणसांच्या छातीत राहिली. बिडीने त्यात भर घातली हे खरं, पण सगळा दोष बिडीच्या माथी मारणं अन्यायाचं आहे.

एक इशारा द्यायचाच आहे, कारण यात मी अपाय झालेला पाहिलाय. आपल्याकडे इनहेलरला सगळे ‘पंप’ म्हणतात आणि हृदयाच्या ताकदीला ‘पंपिंग’. एका आजींना सांगितलं होतं, “पंपिंग कमी पडतंय.” त्यांनी समजूत करून घेतली की पंप कमी पडतोय आणि दिवसाला दोनदाचा पंप आठ-आठदा ओढू लागल्या. हृदयाची धडधड इतकी वाढली की परत दाखल करावं लागलं. अण्णांच्या घरात हे दोन्ही शब्द एकाच वेळी आले आहेत. आजपासून एकाला ‘इनहेलर’ म्हणा आणि दुसऱ्याला ‘हृदयाची ताकद’.

बाकी ओळी पटकन. माइल्ड एमआर: डाव्या अलिंद आणि निलय यांच्यामधल्या झडपेतून थोडं रक्त मागे गळतं. या झडपेचं मायट्रल हे नाव बिशपच्या दोन टोकांच्या टोपीवरून पडलं. कप्पा ताणला की झडपेची दोन दारं नीट मिटत नाहीत, तेवढंच. माइल्डसाठी वेगळं काही करावं लागत नाही. ‘प्रॉमिनंट ब्राँकोव्हॅस्क्युलर मार्किंग्ज’ असलं तर त्यावर एक मिनिटही घालवू नका. ‘सीपी अँगल ब्लंटेड’ म्हणजे फुप्फुसाच्या खालच्या टोकदार कोपऱ्यात पाणी भरून तो बोथट झालाय. उभ्याने काढलेल्या समोरच्या एक्स-रेत हे दिसायला साधारण २०० मिलीलिटर पाणी साठावं लागतं. ‘एईबीई’ म्हणजे दोन्ही बाजूंना हवा सारखी शिरतेय, ही चांगली ओळ. ‘क्रेप्स’ म्हणजे स्टेथोस्कोपमधून ऐकू येणारा बारीक चुरचुर आवाज, पाण्यामुळे किंवा कफामुळे. इकोच्या शेवटी ‘नो क्लॉट, नो पीई’ असतं, तिथे पीई म्हणजे हृदयाभोवतीचं पाणी. हेच पीई वॉर्डात लिहिलं तर फुप्फुसाच्या रोहिणीत अडकलेली गुठळी. अक्षरं तीच, आजार अगदी वेगळे. इंटरनेटवर अक्षरं टाकून अर्थ शोधू नका असं मी सांगतो, ते यासाठी.

आता तुमचा मूळ प्रश्न. कार्डावरून जेवढं कळतं त्यावरून बोलतो, अण्णांना मी तपासलेलं नाही. आजार दोन्हीचा आहे. तिघे डॉक्टर एकाच माणसाकडे तीन दारांतून पाहत होते. हृदय थकलंय, बहुधा लक्षात न आलेल्या जुन्या अटॅकमुळे. त्यामुळे रक्त मागे तुंबलं आणि पाणी झालं. त्या आधीपासून फुप्फुसं धुळीने आणि बिडीने जुनाट झालेली आहेत. जुना टीबी हा व्रण आहे. त्या रात्रीच्या धापेचं मुख्य कारण मला हृदयाचं दिसतं.

फॉलो-अपला जाईपर्यंत रोज सकाळी लघवीला जाऊन आल्यावर, चहाच्या आधी, अण्णांचं वजन करा आणि कॅलेंडरवर तारखेखाली लिहा. दोन-तीन दिवसांत दोन किलो वाढलं तर ती चरबी नसते, पाणी असतं. तारखेची वाट न बघता डॉक्टरांना फोन करा. नडगीवर अंगठा दाबून खळगा राहतो का पाहा. लोणचं, पापड, सुकी मासळी बंद. घरात सोडे-सुकट असणारच, ते अण्णांच्या ताटात नको. बरं वाटायला लागलं म्हणून लघवीची गोळी मनाने बंद करू नका, बाहेर जायचं असलं की लोक तीच गोळी चुकवतात.

दवाखान्यात जाताना नुसते रिपोर्टचे कागद नेऊ नका, एक्स-रेच्या फिल्मही न्या, दाखल केल्या दिवशीची आणि घरी सोडताना काढलेली असेल तर तीही. डॉक्टरांना दोन्ही दिव्यावर शेजारी शेजारी लावायला सांगा. फिल्ममध्ये तुमच्या डाव्या हाताला जे दिसतं ती अण्णांची उजवी बाजू. तिथला खालचा कोपरा पहिल्या फिल्ममध्ये पांढरा, भरलेला असेल, आणि दुसऱ्यात तो परत काळा आणि टोकदार व्हायला लागलेला असेल, तर पाणी किती उतरलं ते तुम्हाला स्वतःच्या डोळ्यांनी दिसेल. आईंनाही सोबत न्या आणि त्यांनाही तो कोपरा दाखवा.